उतार आणि उपसा

जबलपूर हे नगर नर्मदेच्या उत्तरेस, खडकाळ टेकड्यांच्या आणि काळ्या मातीच्या प्रदेशात वसले आहे. गढा येथील गोंड राजांच्या काळापासून येथे पावसाचे पाणी अडवून तलाव बांधण्याची रीत होती. राणीताल हा राणी दुर्गावतीच्या, आधारताल हा तिचा मंत्री आधारसिंह याच्या आणि चेरीताल हा तिच्या दासीच्या नावाने ओळखला जातो, असे परंपरा सांगते. या नगरात बावन्न ताल होते, असे जुने लोक आजही म्हणतात. १७८१ पासून १८१७ पर्यंत येथे मराठ्यांचा अंमल होता. त्यानंतर इंग्रजी सत्ता आली आणि १८७० मध्ये मुंबईहून येणारा व कलकत्त्याहून येणारा असे दोन लोहमार्ग येथे एकमेकांस मिळाले. १९०४ मध्ये तोफगाड्यांचा कारखाना निघाला. पुढे दारूगोळ्याचे व सैनिकी वाहनांचे कारखाने आले. १९०१ च्या जनगणनेत ज्या नगराची लोकसंख्या सुमारे ९० हजार होती, त्याच्या नगर निगमाच्या हद्दीत २०११ मध्ये सुमारे १० लाख ५५ हजार लोक राहत होते.

लोकवस्ती वाढली तशी पाणीपुरवठ्याची साधनेही वाढत गेली. प्रथम खंदारीचा जलाशय, नंतर परियट नदीवरील जलाशय आणि पुढे लालपूर येथे प्रत्यक्ष नर्मदेतून उपसलेले पाणी, असा हा क्रम आहे. परंतु घरात आलेले पाणी घरात राहत नाही. पिण्यासाठी व स्वयंपाकासाठी खर्च होणारा अंश अल्प असतो. उरलेले पाणी स्नान, धुणे, भांडी व शौच यांच्यासाठी वापरले जाऊन मलिन रूपात बाहेर पडते. ते कोठून वाहावे, कोणत्या वेगाने वाहावे, जेथे त्यास उतार मिळत नाही तेथे ते कसे उचलावे, या प्रश्नांची उत्तरे शोधणे हे मलनिस्सारणाच्या आराखड्याचे काम होय. हे काम एका विशिष्ट कारणाने कठीण आहे. आज घातलेली वाहिनी तीस वर्षांनंतरच्या वस्तीस पुरली पाहिजे. परंतु तिच्यातून आजपासूनच पाणी वाहावयाचे असते आणि तेही नीट वाहिले पाहिजे. पहिल्या दिवसाची गरज आणि शेवटच्या दिवसाची गरज यांचा मेळ घालणे, हाच या शास्त्राचा गाभा आहे.

भूमीने आखलेली वाट

जबलपूरचे पावसाचे व वापराचे पाणी शतकानुशतके नाल्यांतून वाहत आले. त्यांतील ओमती नाला आणि मोती नाला हे दोन नाले दाट वस्तीतून जातात. त्यांचे पाणी परियट नदीस मिळते, परियट हिरण नदीस मिळते आणि हिरण पुढे नर्मदेस मिळते. म्हणजे नगराच्या दक्षिणेस वाहणाऱ्या नदीतून उचललेल्या पाण्याचा एक मोठा भाग उत्तरेकडून वळसा घेऊन, मलिन होऊन, खालच्या अंगास पुन्हा त्याच नदीत जातो. ज्या नदीची परिक्रमा करणारे यात्रेकरू ग्वारीघाटावर आणि तिलवाराघाटावर थांबून स्नान करतात, तिच्याच प्रवाहाशी या नाल्यांचा शेवट जोडलेला आहे.

नाला हा अभियंत्याचा पहिला शिक्षक असतो. पाणी कोणत्या उंचवट्यापासून कोणत्या खोलगट भागाकडे जाते, हे त्याने आधीच दाखवून दिलेले असते. म्हणून कोणत्याही नगराचा आराखडा करताना प्रथम भूमीच्या पातळ्या मोजून पाणलोटांच्या सीमा आखतात. एका पाणलोटातील मलवाहिन्या एका मुख्य वाहिनीस मिळतात आणि ही मुख्य वाहिनी सहसा नाल्याच्या काठाने जाते. गुरुत्वाकर्षणास वेतन द्यावे लागत नाही, त्याची वीजही कधी जात नाही. म्हणून जेथवर उताराने काम भागते तेथवर उपसा करू नये, हा पहिला नियम होय.

मात्र उतारही हवा तसा असावा लागतो. मलजलात तरंगणारे पदार्थ असतात, तसेच वाळू, राख, भाजीचे देठ असे तळाशी बसणारे पदार्थही असतात. प्रवाह मंद झाला की ते तळाशी बसतात, त्यांवर आणखी गाळ साचतो आणि वाहिनी तुंबते. वाहिनीने स्वतःच स्वतःला धुऊन काढावे, इतका वेग प्रवाहास हवा. भारतातील प्रचलित संकेतानुसार आजच्या वस्तीच्या सर्वाधिक प्रवाहाच्या वेळी हा वेग सेकंदाला किमान ०.६ मीटर आणि भविष्यातील पूर्ण वस्तीच्या सर्वाधिक प्रवाहाच्या वेळी ०.८ मीटर असावा. उलट, वेग सेकंदाला ३ मीटरांहून अधिक झाला तर वाळूच्या घर्षणाने नळ झिजतो. दिवसाच्या चोवीस तासांत सतत हा किमान वेग मिळेलच असे नाही. परंतु सकाळच्या गर्दीच्या वेळी तरी तो मिळाला पाहिजे, म्हणजे रात्री बसलेला गाळ रोज वाहून जातो.

वर्तुळाकार नळातून थोडेच पाणी जात असेल तर ते तळाशी पसरते आणि त्याचा वेग घटतो. या अडचणीवर १९व्या शतकातील अभियंत्यांनी अंड्याच्या आकाराची, निमुळता भाग खाली असलेली वाहिनी योजिली होती. प्रवाह कमी असला तरी अरुंद तळामुळे पाण्याची खोली टिकते आणि वेगही टिकतो. लंडनमध्ये १८५८ च्या उन्हाळ्यात टेम्स नदीच्या दुर्गंधीने संसदेचे कामकाज चालणे अशक्यप्राय झाले. त्यानंतर जोसेफ बॅझलजेट याने बांधलेल्या मलवाहिन्यांत या आकाराचा मोठ्या प्रमाणावर उपयोग केलेला होता. त्याच योजनेत क्रॉसनेस येथे १८६५ मध्ये आणि ॲबे मिल्स येथे १८६८ मध्ये वाफेच्या यंत्रांवर चालणारी उदंचन केंद्रे सुरू झाली. सखल नगरातील मलजल केवळ उताराने दूर जाऊ शकत नाही, हे तेथे उघड झाले होते. समुद्राच्या पातळीलगत वसलेल्या मुंबईतही याच कारणासाठी वरळीच्या लव्हग्रोव्ह येथे मलजलाचे उदंचन करावे लागले.

खोलीचा हिशेब

जबलपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ४०० मीटर उंचीवर आहे. मग अशा नगरास उपसा करण्याची गरज का पडावी? याचे उत्तर एका साध्या गणिताने मिळते. एखादी लहान मलवाहिनी हजार मीटरांत ४ मीटर उतरत जाते असे समजा. भूमी सपाट असेल आणि वाहिनीचा आरंभ १.२ मीटर खोलीवर असेल, तर एक किलोमीटर अंतरावर ती ५.२ मीटर आणि दोन किलोमीटर अंतरावर ९.२ मीटर खोल जाईल. इतका खोल चर खणताना त्याच्या बाजू ढासळू नयेत म्हणून आधार द्यावे लागतात, भूजल उपसावे लागते, शेजारच्या घरांच्या पायांची काळजी घ्यावी लागते. पुढे तेथे दुरुस्ती करणे तर अधिकच कठीण होते.

जबलपूरमध्ये या अडचणीस भूगर्भाची जोड मिळते. मदनमहाल परिसरातील ग्रॅनाइटच्या शिळा आणि एका टोकावर तोललेला प्रचंड दगड पाहण्यास प्रवासी येतात. परंतु चर खणणाऱ्यास तोच ग्रॅनाइट फोडावा लागतो. जेथे खडक नाही तेथे पुष्कळ ठिकाणी काळी माती आहे. ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्या या हालचालीने नळ वर-खाली होतात आणि त्यांचे सांधे उघडतात. म्हणून अशा मातीत नळाखाली वाळूचा किंवा मुरमाचा थर देतात आणि किंचित हालचाल सोसणारे लवचीक सांधे वापरतात.

तलावांचा इतिहासही येथे आडवा येतो. जुन्या तालांपैकी अनेक कालांतराने बुजले आणि त्यांच्या जागी वस्त्या उभ्या राहिल्या. तलाव नेहमीच परिसरातील सखल जागी असतो. तेथे पाणी येऊन थांबावे म्हणूनच ती जागा निवडलेली असते. साहजिकच तलावाच्या तळावर बांधलेल्या घरांतील सांडपाणी सभोवतालच्या रस्त्यांखालील वाहिनीत आपोआप जाऊ शकत नाही. जेथे पूर्वजांनी पाणी अडविले, तेथून वंशजांना ते उचलून बाहेर काढावे लागते.

यावरून उदंचन केंद्राची आवश्यकता तीन प्रसंगी भासते असे म्हणता येईल: वाहिनी फार खोल जाऊ लागली तर, वस्तीच आजूबाजूपेक्षा सखल असली तर, किंवा एका पाणलोटातील मलजल मधला उंचवटा ओलांडून दुसऱ्या पाणलोटातील शुद्धीकरण केंद्राकडे न्यावयाचे असले तर. या तिन्ही प्रसंगी खोदाईचा एकदाच होणारा खर्च आणि विजेचा व देखभालीचा दरवर्षी होणारा खर्च यांची तुलना करूनच निर्णय घ्यावा लागतो.

प्रवाह किती?

आता नगराच्या कडेला नव्याने उभी राहत असलेली एक वसाहत कल्पू. आज तेथे १० हजार लोक राहतात आणि तीस वर्षांत ही संख्या २० हजार होईल असा अंदाज आहे. दरडोई दररोज १३५ लिटर पाणी मिळते आणि त्याचा ८० टक्के भाग सांडपाणी होतो असे धरले, तर प्रत्येक माणसामागे १०८ लिटर मलजल निघेल. १० हजार लोकांचे एकूण मलजल दिवसाला १० लाख ८० हजार लिटर, म्हणजे सरासरीने सेकंदाला १२.५ लिटर झाले. २० हजार लोकांचे सेकंदाला २५ लिटर होईल.

परंतु सरासरी ही कागदावरची गोष्ट आहे. सकाळी सहा ते नऊ या वेळात सर्व घरांतील नळ एकदम वाहत असतात आणि मध्यरात्रीनंतर प्रवाह अगदी क्षीण होतो. २० हजारांपर्यंतच्या वस्तीसाठी सर्वाधिक प्रवाह सरासरीच्या तिप्पट धरण्याचा संकेत आहे. वस्ती जसजशी मोठी होते तसतसे हे गुणोत्तर कमी होते, कारण मोठ्या नगरात सर्वांच्या स्नानाची वेळ एक नसते आणि दूरच्या घरांचे पाणी उशिरा पोचते. साडेसात लाखांवरील वस्तीस ते दुप्पट धरतात. या हिशेबाने आपल्या वसाहतीचा सर्वाधिक प्रवाह आज सेकंदाला ३७.५ लिटर आणि तीस वर्षांनी ७५ लिटर असेल. पहिल्या वर्षीच्या मध्यरात्री मात्र तो अवघा ४ लिटरांच्या आसपास असू शकेल. एकाच केंद्राने ४ लिटर आणि ७५ लिटर अशा दोन्ही प्रवाहांस तोंड द्यावयाचे आहे.

विहिरीचे आकारमान

उदंचन केंद्रात आलेले मलजल प्रथम लोखंडी जाळीतून जाते. तेथे चिंध्या, प्लास्टिकच्या पिशव्या, नारळाच्या शेंड्या अडकतात. त्यानंतर ते एका विहिरीत पडते आणि त्या विहिरीतून पंप ते उचलतो. पाणी ठराविक पातळीपर्यंत चढले की पंप सुरू होतो व खालच्या पातळीपर्यंत उतरले की थांबतो. विहीर मोठी असावी, म्हणजे अडचणीच्या वेळी पाणी साठविता येईल, असे सामान्यतः वाटते. मलजलाच्या बाबतीत ही समजूत अपुरी आहे.

विहीर फार लहान असली तर पंप क्षणोक्षणी सुरू होतो आणि थांबतो. प्रत्येक वेळी सुरू होताना मोटर नेहमीपेक्षा कितीतरी अधिक विद्युत्प्रवाह घेते व तापते. अशा रीतीने ती लवकरच जळते. समजा, पंप सेकंदाला ३७.५ लिटर, म्हणजे मिनिटाला २,२५० लिटर पाणी उचलतो आणि दोन आरंभांमध्ये किमान दहा मिनिटांचे अंतर हवे आहे. पंपाची गती व हा काळ यांचा गुणाकार करून त्यास चाराने भागले असता पंप सुरू होण्याच्या व थांबण्याच्या पातळ्यांमधील आकारमान मिळते. ते येथे ५,६२५ लिटर होते. हे चार कोठून आले? पंपाला सर्वाधिक त्रास होतो तो येणारा प्रवाह पंपाच्या गतीच्या निम्मा असताना. त्या वेळी ५,६२५ लिटर भरण्यास पाच मिनिटे लागतात आणि पंप चालू असताना ती उपसण्यासही पाचच मिनिटे लागतात. अन्य कोणत्याही प्रवाहास हे चक्र याहून दीर्घ असते.

उलट, भविष्याचा विचार करून ही जागा ३० हजार लिटरांची ठेवली, तर पहिल्या वर्षीच्या रात्री सेकंदाला ४ लिटर या गतीने ती भरण्यास दोन तासांहून अधिक काळ लागेल. तेवढ्या वेळात मलजलातील प्राणवायू संपतो, ते कुजू लागते, दुर्गंधी सुटते आणि तळाशी गाळ बसतो. म्हणून सरासरी प्रवाहास मलजल विहिरीत अर्ध्या तासाहून अधिक काळ राहू नये असा संकेत आहे. विहिरीच्या तळास पंपाच्या मुखाकडे तीव्र उतार देतात, तोही गाळ कोपऱ्यांत राहू नये म्हणूनच.

ऊर्ध्ववाहिनी : एक की दोन?

पंपाने उचललेले पाणी दाबाखाली ज्या नळातून उंच जागी जाते, त्यास ऊर्ध्ववाहिनी म्हणतात. आपल्या वसाहतीची ऊर्ध्ववाहिनी दोन किलोमीटर लांब आहे असे धरू. तीस वर्षांनंतरच्या ७५ लिटरांसाठी ३०० मिलिमीटर व्यासाचा नळ योग्य ठरतो. त्यातून पाणी सेकंदाला सुमारे एक मीटर वेगाने जाईल. परंतु आजचे ३७.५ लिटर त्याच नळातून सोडले तर वेग जेमतेम अर्धा मीटर राहतो आणि वाळू तळाशी बसते. शिवाय दोन किलोमीटर लांबीच्या या नळात सुमारे १४१ घनमीटर मलजल मावते. आजच्या सरासरी प्रवाहास, म्हणजे तासाला ४५ घनमीटर या गतीने, प्रत्येक थेंबास बाहेर पडण्यास तीन तासांहून अधिक काळ लागेल.

याउलट आज २०० मिलिमीटर व्यासाचा नळ घातला, तर ३७.५ लिटरांस सेकंदाला जवळजवळ १.२ मीटर वेग मिळतो आणि मलजल नळात सुमारे दीड तासच राहते. त्याचे मूल्य मात्र विजेच्या रूपाने द्यावे लागते. नळ अरुंद झाला की घर्षण झपाट्याने वाढते. या लांबीत ३०० मिलिमीटरच्या नळात घर्षणासाठी सुमारे अडीच मीटर उंचीइतका जास्तीचा दाब पुरतो. २०० मिलिमीटरच्या नळात तो १७ मीटरांच्या आसपास जातो. पाणी प्रत्यक्षात १२ मीटर उंच चढवावयाचे असेल, तर दुसऱ्या प्रकारात प्रत्येक लिटरामागे दुप्पट वीज लागेल.

अशा पेचातून अनुभवी आराखडाकार टप्प्यांचा मार्ग काढतो. आज २०० मिलिमीटरचा नळ घालावा. वस्ती वाढेल तेव्हा त्याच्या शेजारी २५० मिलिमीटरचा दुसरा नळ घालावा. पूर्ण वस्तीच्या ७५ लिटरांपैकी सुमारे २७ लिटर पहिल्या नळातून व ४८ लिटर दुसऱ्यातून जातील आणि दोन्हींत वेग सेकंदाला ०.८ मीटरांहून अधिक राहील. त्या वेळी पहिल्या नळातील घर्षणही कमी झालेले असेल. पंपांचेही तसेच: आज ३७.५ लिटरांचे दोन पंप, एक चालणारा व एक राखीव, पुढे तिसरा. यंत्रे पंधरा वर्षांत जुनी होतात, बांधकाम मात्र तीस वर्षे व अधिक टिकते. म्हणून पंपघराच्या इमारतीत तिसऱ्या पंपासाठी जागा आणि रस्त्यात दुसऱ्या नळासाठी पट्टा पहिल्याच दिवशी राखून ठेवला पाहिजे. शिवाय एक नळ फुटला तर दुसऱ्यावर काम चालते, हा लाभ वेगळाच.

पंप थांबला तर

वीज अकस्मात गेली की दोन किलोमीटर लांबीच्या नळातील पाण्याचा स्तंभ थबकतो, मागे फिरतो आणि उलट प्रवाह रोखणाऱ्या झडपेवर आदळतो. या आघाताने नळ फुटू शकतो. म्हणून झडपा योग्य जातीच्या निवडाव्या लागतात आणि वाहिनीच्या उंच ठिकाणी हवा आत-बाहेर करणाऱ्या झडपा बसवाव्या लागतात.

याहून मोठा प्रश्न असा की, पंप थांबला तरी घरांतील नळ थांबत नाहीत. तासाला ४५ घनमीटर मलजल येतच राहते. विहीर भरली की ते मागे मलवाहिनीत चढते आणि शेवटी एखाद्या सखल घराच्या मोरीतून किंवा रस्त्यावरील मॅनहोलमधून बाहेर येते. म्हणून प्रत्येक केंद्रास बाहेर जाण्याची एक आपत्कालीन वाट ठेवतात, आणि ती बहुधा जवळच्या नाल्यात जाते. जबलपूरमध्ये नाल्याचा अर्थ परियट, हिरण आणि नर्मदा असा होतो. म्हणून विजेच्या दोन स्वतंत्र वाहिन्या, डिझेलवर चालणारे जनित्र आणि त्यासाठी लागणाऱ्या तेलाची तरतूद यांना चैनीच्या वस्तू मानता येत नाही. नदी त्यांवर अवलंबून असते.

पावसाचे पाणी हा दुसरा शत्रू होय. जबलपूरला वर्षाकाठी सुमारे १३०० ते १४०० मिलिमीटर पाऊस पडतो व त्यातील बहुतेक पावसाळ्याच्या चार महिन्यांतच पडतो. एक हेक्टर छपरांवर तासाभरात २५ मिलिमीटर पाऊस पडला तर २५० घनमीटर पाणी जमते, म्हणजे सेकंदाला जवळजवळ ७० लिटर. २० हजार लोकांच्या सर्वाधिक मलप्रवाहाशी याची तुलना करावी. गच्चीवरील पाण्याची नळी मलवाहिनीस जोडणारी काही घरे सबंध वसाहतीचे उदंचन केंद्र बुडवू शकतात. पावसाच्या पाण्यास त्याची स्वतंत्र गटारे व मोकळे नाले लागतात.

आराखड्यातील चुकीचे मोल

मलजल रेंगाळले की त्यातील जीवाणू हायड्रोजन सल्फाइड नावाचा वायू निर्माण करतात. ऊर्ध्ववाहिनी जेथे उघडते तेथे हा वायू बाहेर पडतो. वाहिनीच्या ओलसर छतावर दुसऱ्या प्रकारचे जीवाणू त्यापासून गंधकाम्ल बनवितात आणि ते सिमेंट खाऊन टाकते. काही वर्षांत वाहिनीचे छत कोसळते व त्याबरोबर वरचा रस्ताही. हा वायू हवेहून जड असल्याने विहिरीच्या व मॅनहोलच्या तळाशी साचून राहतो. अल्प प्रमाणात त्यास सडक्या अंड्यांसारखा वास येतो. प्रमाण वाढले की तो घ्राणेंद्रिय बधिर करतो आणि वास येईनासा होतो. आत उतरलेल्या माणसास आता हवा स्वच्छ झाली असे वाटते आणि त्याच क्षणी तो कोसळतो. त्यास वाचविण्यासाठी उतरणारा दुसरा माणूसही बहुधा वर येत नाही.

या कामासाठी भारतात पिढ्यानपिढ्या विशिष्ट जातींच्या माणसांनाच उतरविले गेले. १९९३ मध्ये हाताने मैला साफ करविण्यास बंदी घालणारा कायदा झाला. २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय मलवाहिनीत किंवा मलकुंडात माणूस उतरविणे हा दंडनीय गुन्हा ठरविला. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१४ मध्ये अशा मृत्यूंसाठी १० लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रक्कम ३० लाख केली. तरीही असे मृत्यू थांबलेले नाहीत.

या मृत्यूंचा आराखड्याशी निकटचा संबंध आहे. उतार कमी पडलेली वाहिनी पुनःपुन्हा तुंबते. जाळी विहिरीच्या तळाशी बसविली तर ती साफ करण्यास कोणास तरी खाली जावे लागते. तीच वर उचलता येईल अशी केली तर जावे लागत नाही. पंप मार्गदर्शक दांड्यांवरून साखळीने वर खेचता येत असेल तर दुरुस्ती जमिनीवर होते. दोन मॅनहोलमधील अंतर यंत्राच्या पोचेपेक्षा अधिक ठेवले, किंवा यंत्राची गाडी जाणारच नाही अशा गल्लीत मॅनहोल ठेवले, तर तेथे माणूसच उतरविला जाईल. आराखडा काढणाऱ्याने वाचविलेले थोडेसे पैसे पुढे एखाद्या कुटुंबाकडून वसूल होतात. त्या कुटुंबास त्या आराखड्याची वार्ताही नसते.

जबलपूरचा समावेश २००५ मध्ये सुरू झालेल्या जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नगर नवीकरण योजनेच्या नगरांत झाला आणि त्यानंतर येथे मलवाहिन्यांच्या व शुद्धीकरणाच्या कामांस मोठ्या प्रमाणावर हात घालण्यात आला. जुन्या, दाट वस्तीच्या नगरात असे काम मंद गतीने पुढे सरकते. मुख्य वाहिनी तयार झाली तरी घरातील मोरीपासून तिच्यापर्यंतची जोडणी राहून गेली, तर मलकुंडाचे पाणी पूर्वीप्रमाणेच नाल्यात जाते आणि नव्या वाहिनीत वेग येण्याइतका प्रवाहच नसतो. अपुऱ्या जोडण्यांची मोठी वाहिनी वापरापूर्वीच गाळाने भरू लागते. म्हणून घरजोडण्यांचा कार्यक्रम हा योजनेचा शेवटचा अध्याय न मानता मुख्य वाहिनीबरोबरच हाती घेणे हितावह असते.

सामान्य नागरिकास गणिताचा तपशील माहीत असण्याची आवश्यकता नाही. परंतु आपल्या वस्तीसाठी योजना मांडली जाईल तेव्हा त्याने चार प्रश्न अवश्य विचारावेत. पहिल्या वर्षीच्या अल्प प्रवाहास या वाहिनीत पुरेसा वेग मिळेल काय? वस्ती दुप्पट झाली तर दुसऱ्या नळास व नव्या पंपास जागा ठेवली आहे काय? वीज चार तास गेली तर मलजल कोठे जाईल? आणि तुंबलेली वाहिनी, जाळी किंवा पंप साफ करण्यासाठी कोणास खाली उतरावे लागेल काय? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर 'होय' असे आले, तर तो आराखडा अजून पूर्ण झालेला नाही, असे समजावे.